पुरात काय काय गेलं, स्पॅनिशमध्ये

माझ्या नातीला एक म्हातारी हवी होती. बोलकी, हेकट, मुद्द्याला धरून न राहणारी आणि जिच्या घरात एकदा तरी पुराचं पाणी शिरलंय अशी. बदलापुरात आमच्या मांजर्लीच्या बाजूला अशा म्हाताऱ्यांना तोटा नाही. पण तिला ती फुकट हवी होती आणि घरातल्या घरात हवी होती. म्हणून माझी नेमणूक झाली.

त्याचं कारण असं. ही पोरगी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात वजनकाट्याच्या पावत्या कॉम्प्युटरमध्ये भरायची. ती नोकरी माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, साहेबाच्या मागे मागे फिरून लावून दिलेली. एक दिवस ती सोडून बया घरी आली आणि म्हणाली, मी स्पॅनिश शिकणार. बापाने डोक्याला हात लावला, आईने देवापुढे दिवा लावला. पोरीने शिकायला सुरुवात केली ती केलीच. पुढे नवी मुंबईतल्या एका कंपनीत जागा निघाली. स्पेनमध्ये लोक घरातल्या सामानाचा विमा उतरवतात. चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं की ते फोन करतात आणि तो फोन इथे वाजतो. तिकडच्या बाईची गादी भिजली की तिने ते ऐरोलीला कळवायचं. माणसाने एवढी प्रगती केली ती यासाठी.

पहिल्या परीक्षेत नात आपटली. लेखी झालं, वाचन झालं, शेवटी फोनवरचं नाटक. परीक्षा घेणारी बाई पूरग्रस्त म्हातारी झाली आणि हिने तिची तक्रार लिहून घ्यायची. हिला शब्द सगळे पाठ. पण म्हातारीने भिजलेल्या सोफ्यावरून नवऱ्याच्या आजारपणावर उडी मारली, तिथून कुठल्याशा भिंतीवरच्या घड्याळावर, मग हुंदके द्यायला लागली. आणि आमची शहाणी मधेमधे घड्याळाची किंमत विचारत बसली. शेवटी तोंडातून शब्दच फुटेना.

दुसरी संधी मिळाली होती. तिसरी मिळत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलेलं.

"या वेळी नाही झालं तर मी साहेबांना विचारतो," मुलगा जेवताना म्हणाला. "खुर्ची अजून रिकामी ठेवलीय त्यांनी. पण मग हे खूळ बंद. कबूल?"

नातीने मान हलवली. नंतर माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आजी, तिथे परत गेले ना, तर ते वजनकाट्यावाले काका रोज विचारतील, काय गं, आलीस का स्पेनहून? रोज. मला नाही सहन होणार."

"मग मी काय करू?"

"तू म्हातारी हो."

"ते केव्हाच झालं."

"तशी नाही गं. तक्रार करणारी."

त्याचीही काही कमी नव्हती.

तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीत शाळा भरली. घरभर तिने चिकटचिठ्ठ्या लावल्या. कपाटावर आर्मारियो, खाटेवर कामा, किल्लीच्या खिळ्यापाशी यावे, म्हणजे किल्लीच. माझ्या दातांच्या डबीवर काय लावावं ते तिला सुचलं नाही. सून चिठ्ठ्या चुकवत झाडू मारायची आणि म्हणायची, "आई, तुम्ही तरी हिला काही बोला." मी म्हणायचे, "बोलतेय ना, स्पॅनिशमध्ये."

या सगळ्यात मला एक फायदा झाला. खरवईकडे जे नवे टॉवर उठलेत, त्यांच्या कमानींवर सोनेरी अक्षरांत कासा अमुक, कोस्ता तमुक असं लिहिलेलं असतं. माझा मुलगा आणि सून सुट्टीच्या दिवशी नटूनथटून तिथला नमुना फ्लॅट बघायला जातात. घेत नाहीत, नुसते बघतात, फुकटचा कॉफीचा कप पितात आणि आठवडाभर त्या शब्दाची चव घोळवत बसतात. मला वाटायचं, कासा म्हणजे राजवाड्यातला काही प्रकार असेल. नातीने सांगितलं, कासा म्हणजे घर. नुसतं घर. आणि कोस्ता म्हणजे समुद्रकिनारा. खरवईला समुद्रकिनारा! आमच्या मांजर्लीत निदान नदी तरी घरात येते. मी हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ते ब्रँडिंग असतं." त्याला बिचाऱ्याला प्रत्येक फसवणुकीचं इंग्रजी नाव माहीत आहे.

मग विम्याचं व्याकरण सुरू झालं. विमावाल्यांनी जगाचे दोन भाग केलेत. भिंती, फरशी, छप्पर ते कोंतिनेन्ते. आतलं सामान ते कोंतेनिदो.

"असं समज आजी, घर उचलून उलटं केलं आणि हलवलं. जे खाली पडेल ते कोंतेनिदो."

"मग मीही पडेन."

"तुला नाही धरत."

"म्हणजे मी भिंतीत."

"आजी, टाइमपास नको ना!"

दागिने वेगळे, त्यांना होयास. विजेवरच्या वस्तू वेगळ्या. कपडेलत्ते वेगळे. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, घरातला सगळा किरकोळ संसार तो एनसेरेस. आणि ज्याला कोणी विचारत नाही ते त्रास्तोस. मी विचारलं, कुठलं सामान एनसेरेस आणि कुठलं त्रास्तोस हे ठरवतं कोण? म्हणाली, कंपनी. वाटलंच होतं.

"आता तू सांग, घरात पाणी आलं. काय काय गेलं?"

खोटं कशाला रचायचं? माझ्या घरात खरंच पाणी आलं होतं. मी तोच पूर सांगायला घेतला. आणि तो सांगायचा म्हणजे त्या बाईबद्दल सांगणं आलं. ती बाई म्हणजे तेव्हाची मी, पण आता आमचं फारसं जाणं-येणं नाही.

काय बाई होती! तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि रुबाब असा, की जणू अख्खी बिल्डिंग तिच्याकडे बघत जगते. मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायची सवय. तिथे एका कारखान्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याची बायको राहायची. तिला सगळे साहेबीणबाई म्हणायचे. त्यांच्या घरी काचेच्या कपात चहा, दाराला पडदा, आणि स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर साहेबांचं नाव कोरलेलं, तेही पदवीसकट. वरणाच्या वाटीवर इंजिनिअरिंगची पदवी! आमची बाई त्यावर भाळलेली. तिनेही आपल्या भांड्यांवर नवऱ्याचं नाव कोरून घेतलं, पण पुढे पदवी नव्हती, म्हणून नाव मोठ्या अक्षरांत घेतलं.

पुराच्या आधी महिनाभर साहेबीणबाईंनी एका डब्यातून खव्याच्या साटोऱ्या पाठवल्या होत्या. आता भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. शेजारणीकडून वाटीभर भाजी आली तर वाटीत निदान चार लाडू, काही नाही तर गुळाचा खडा घालून वाटी परत जाते. पण साहेबीणबाईंच्या डब्यात गूळ कसा घालणार? आमच्या बाईने अनारसे करायचे ठरवले. तांदूळ भिजवले, पीठ आंबलं, तळताना अनारसे तेलात विरघळले. मग करंज्या ठरल्या. मग हवा दमट. डबा ओट्यावर बसून राहिला, साहेबांच्या पदवीसकट.

आणि त्याच ओट्याच्या समोर, खिडकीखाली, तिचं शिलाईचं मशीन. उल्हासनगरच्या एका शेटकडून ती जीन्सच्या खिशांचे गठ्ठे आणायची आणि शिवून परत पोचवायची. मशीन तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. मंगळसूत्र नवऱ्याने घातलेलं, भांड्यांवर नाव नवऱ्याचं, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. मशीनवर मात्र कोणाचं नाव नव्हतं, म्हणून ते तिचं.

"थांब," नात म्हणाली. "आता पाणी येऊ दे."

पाणी आधी दारातून आलं नाही. मोरीतून आलं, उलटं, बुडबुडे काढत. मग संडासातून. मग दारातून. नवरा पाळीवर गेलेला. मुलाला, जो आता ब्रँडिंग शिकवतो त्याला, आधीच वर पाठवून दिलेलं. घोट्याएवढं पाणी झालं आणि बाईने घरावरून नजर फिरवली. मला अजून ती दिसते. साडी खोचलेली, कपाळाला आठ्या, चेहऱ्यावर असा भाव की आता ही काहीतरी मोठं करणार.

तिने पहिला उचलला तो साहेबीणबाईंचा डबा.

जिन्यापर्यंत गेली. आणि परत फिरली. का? तर डबा रिकामा होता! पाणी पोटऱ्यांना लागलेलं, ओट्याखालचे डबे तरंगायला लागलेले, आणि ही बया फळीवरची साखरेची बरणी शोधतेय. डब्यात साखर घातली. मूठभर घातली, मग बरी दिसेना म्हणून आणखी घातली. झाकण लावलं. झाकण नीट बसेना तर फडक्याने बांधलं. मग वर.

दुसऱ्या फेरीत शेजारणीचा खलबत्ता. तिसऱ्या फेरीत कोणाचंसं इडलीपात्र आणि जावेने ठेवायला दिलेली पितळी घागर. चौथ्या फेरीत शेटचे खिशांचे गठ्ठे, डोक्यावर घेऊन. परक्याचं सामान आहे, उद्या लोक काय म्हणतील! पुरात बुडवलं म्हणतील! नदीला जशी काही माहिती होती, कुठलं भांडं कुणाचं ते.

शेवटी मशीनकडे आली तेव्हा पाणी कमरेला होतं. ते लोखंडी धूड एकटीने उचलणार कशी? तिने वरून एक चादर टाकली. चादर! पुराच्या पाण्यात मशीनला थंडी वाजू नये म्हणून.

नात हसून हसून खाटेवर आडवी झाली. "आजी, सिरियसली? चादर?"

"धुतलेली होती."

वर साहेबीणबाईंनी डबा हातात घेतला, फडकं सोडून झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "अय्या, साखर? अहो, हा डबा मी तुम्हाला देऊनच टाकला होता. झाकण बसत नव्हतं ना त्याचं."

आणि आमची बाई काय म्हणाली असेल? "असू द्या हो वहिनी, तुमची वस्तू तुम्हाला."

तिसऱ्या दिवशी शेट स्वतः आला. चिखलातून चपला हातात घेऊन. दारातूनच ओरडला, "बेहन, गठ्ठे सूखे हैं?" सूखे आहेत म्हटल्यावर त्याने देवाला हात जोडले. मशीनच्या गंजलेल्या मोटारीकडे बघून म्हणाला, "मशीन का क्या है, दूसरी आ जाएगी." कोठून येणार ते त्याने सांगितलं नाही. गठ्ठे घेऊन गेला आणि ते काम दुसऱ्या बाईला दिलं, जिचं मशीन कोरडं होतं.

मग पंचनाम्याला सरकारी माणूस आला. नवऱ्याने सांगितलं, त्याने लिहिलं. पलंग, टीव्ही, पंखा, गाद्या, धान्य. ही आत त्या माणसासाठी चहा करत होती. गाळ काढलेल्या घरात, मागून आणलेल्या स्टोव्हवर, मागून आणलेल्या साखरेचा. मशीन कोणाच्या तोंडी आलं नाही. नवऱ्याला वाईट म्हणणार नाही, त्याच्या डोक्यात नव्हतं. आणि हिला कोणी विचारलं नाही, म्हणून हिने सांगितलं नाही. चहाचा कप ठेवून आत गेली. अशा बाईचं काय करायचं? मी असते तर त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं असतं. पण मी तिथे होते, हीच तर अडचण आहे.

नातीचं हसणं थांबलं होतं. तिने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला.

"यातलं तुझं काय होतं, आजी?"

"सगळंच माझं होतं. नवऱ्याचं होतं म्हणजे माझंच."

"तसं नाही. फक्त तुझं. सोलो सुया."

"ते तर मी मघाशीच सांगितलं."

"तू सांगितलंस. मी विचारलं नाही. परीक्षेतल्या म्हातारीलाही मी नुसती किंमत विचारत होते."

मी म्हटलं, आता कुठे डोकं चाललं तुझं. एवढ्यासाठी वर्षभर दिवा लावत होती तुझी आई.

त्यानंतर आम्ही तालीम बदलली. मी रोज वेगळी म्हातारी व्हायचे. एकदा चिडकी, एकदा बहिरी, एकदा नुसती भावजयीची निंदा करणारी, ती मला फार छान जमली. निम्मं मराठी, त्यात तिच्या चिठ्ठ्यांवरचे शब्द पेरायचे. मी भरकटले की तिने गप्प राहायचं, हुंकार द्यायचा, आणि मी दम घ्यायला थांबले की सामानाकडे परत आणायचं. सुरुवातीला तिला गप्प राहणं जमेना. हल्लीच्या पोरांना शांतता म्हणजे नेटवर्क गेलं असं वाटतं.

एकदा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आई, परीक्षेत हे विचारणारेत का? तिला शब्द पाठ करू दे. तुझ्या गोष्टी ऐकून कोण नोकरी देतं?"

"तुला लावून दिलेली नोकरी तुझ्या बापाने माझ्याच गोष्टी सांगून लावली होती," मी म्हटलं. हे खोटं होतं, पण तो गेला.

परीक्षेचा फोन माझ्याच खोलीत घ्यायचा ठरला, कारण तिथे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. मला खाटेवर बसायची परवानगी होती, श्वास घ्यायची जेमतेम. नातीचे तळहात ओले झालेले, ओढणीला पुसत होती. सून दाराबाहेर, मुलगा हॉलमध्ये टीव्ही बंद करून बसलेला. आवाज बंद नाही केला, टीव्हीच बंद केला. तेव्हा कळलं की त्यालाही घाम फुटलाय.

फोनमधून बाईचा आवाज आला. भाषा मला कुठे येत होती? पण सामान मला कळत होतं. कामा आली, म्हणजे खाट गेली. फ्रिगोरिफिको, म्हणजे फ्रिज. रोपा, कपडे. मग मारिदो, नवरा आला, आणि मला कळलं की आता म्हातारी भरकटली. फार भरकटली. आवाज चिरका झाला. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. आता माझं काम संपलं होतं.

ती गप्प राहिली. "सी, सेन्योरा," एवढंच म्हणाली, मग परत गप्प. म्हातारी दम घ्यायला थांबली. आणि मग पोरीने हळूच काहीतरी विचारलं, त्यातलं शेवटचं मला कळलं. सोलो सुया.

पलीकडे काही नाही. एवढा वेळ काही नाही की मलाच वाटलं, नेटवर्क गेलं.

मग ती बाई वेगळ्याच आवाजात, म्हातारपण सोडून, म्हणाली, "बिसिक्लेता." म्हणजे सायकल, ते मला नंतर कळलं. आणि हसली. नातही हसली. मग दोघी भराभर बोलायला लागल्या आणि माझ्या ओळखीचं सामान त्यात राहिलं नाही.

काही दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. त्यानंतर मुलाचं जे काही झालं ते सांगायला नको. लिफ्टमध्ये, दूधवाल्याकडे, जिथे उभा राहील तिथे, "आमची स्पॅनिश बघते ना." जसं काही घरात एक स्पॅनिश गाय बांधलीय. अंबरनाथच्या साहेबालाही फोन करून सांगितलं, की आता ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. हे सांगताना आवाज असा, जणू ती खुर्ची स्वतःच्या मालकीची होती.

नोकरी सुरू झाली आणि महिनाभरात पोरगी तोंड पाडून घरी आली. ऑफिसातल्या वरच्या बाईने बोलावून झापलं होतं. फोन लांबतात म्हणून. एका म्हाताऱ्याचं घर वरच्या मजल्यावरची नळी फुटून भिजलं होतं. यादीतलं सगळं लिहून झालं. हिने त्याला तोच प्रश्न विचारला आणि मग तो पिंजऱ्याबद्दल बोलत राहिला. पक्षी केव्हाच मेला होता, पिंजरा तेवढा त्याने ठेवला होता, आणि तो यादीत कोणी लिहिलाच नव्हता.

"तिने सांगितलं, असं पुन्हा झालं तर लेखी ताकीद येईल," नात म्हणाली.

मुलाचा घास हातात राहिला. "मग नको विचारूस ना! यादीत आहे ते लिही आणि ठेव फोन. एवढी मिळालेली नोकरी. आई, तूच हिला हे नसते चाळे शिकवलेस. सांग तिला."

नात माझ्याकडे बघत होती. सुनेने आमटी वाढता वाढता पळी थांबवली.

"पिंजरा लिहिलास का?" मी विचारलं.

"लिहिला."

"कशात घातलास? त्रास्तोसमध्ये?"

"नाही. एनसेरेसमध्ये."

"मग झापू दे तिला," मी म्हटलं. "आणि तू जेव. तुझं गार होतंय."